क्रियाकाल: जुनाट श्वासरोग, हृदय आणि प्रारब्धाचा प्रश्न

मराठी समाजाच्या धर्मविचारात सोसण्याला जे मोठे स्थान मिळालेले आहे, त्याच्या मुळाशी प्रारब्धाची कल्पना आहे. पूर्वी केलेल्या कर्मांचा जो साठा त्याला संचित म्हणावे, त्या साठ्यातून फळ देऊ लागलेला भाग तो प्रारब्ध आणि आज हातून घडत असलेले कर्म ते क्रियमाण, ही मांडणी कीर्तना-प्रवचनांतून घरोघरी पोहोचलेली असून, प्रारब्ध भोगूनच संपवावे लागते हा तिचा निष्कर्ष शास्त्र न वाचलेल्या माणसाच्याही तोंडी असतो. ही शिकवण आपत्तीत धीर देते, याविषयी वाद नाही. परंतु जो आजार एकदा आला की जात नाही, ज्याच्यासह वर्षानुवर्षे संसार करावा लागतो, त्या आजारात या शिकवणीचे एक वेगळेच रूप दिसू लागते: सोसण्याची सवय इतकी मुरते की नवे दुखणे आले तरी ते जुन्याच दुखण्याच्या खात्यावर मांडले जाते आणि तक्रार न करणे हीच भक्ती ठरते. फुप्फुसांच्या जुनाट विकाराचा रुग्ण हृदयतज्ज्ञाकडे वेळेवर जातो की नाही, हा प्रश्न म्हणून केवळ वैद्यकाचा राहत नाही. अशा रुग्णाने केलेला विलंब म्हणजे ईश्वरी इच्छेचा स्वीकार मानायचा, की ज्या कर्माची जबाबदारी त्याच्यावर होती त्या कर्माचा त्याग मानायचा, हे ठरवताना धर्मविचाराला उत्तर द्यावेच लागते.

प्रश्नाची धार समजण्यासाठी आधी रोगाचे स्वरूप पाहणे इष्ट आहे. ज्याला वैद्यकात सीओपीडी म्हणतात आणि घरात नुसते ‘दमा’ म्हटले जाते, तो श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा आणि फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म कोष नष्ट होत जाण्याचा विकार आहे. खरा दमा आणि हा विकार एक नव्हेत, कारण दम्यात श्वासनलिकांचे आकुंचन बऱ्याच अंशी उलटते, यात ते पूर्णपणे उलटत नाही. भारतात या विकाराचे रुग्ण १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ पर्यंत सुमारे ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज रोगभाराच्या राष्ट्रीय अभ्यासात मांडलेला आहे. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वज्ञात कारण. पण पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश संशोधक पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात असे दाखवून दिले की, या विकाराच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के माणसांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते, आणि त्यांच्या आजारामागे चुलीचा धूर, कामाच्या जागेवरची धूळ व वाफा, लहानपणीचे श्वसनाचे संसर्ग अशी कारणे असतात. ‘व्यसन केले, फळ भोगतो आहे’ हे सोपे कर्मगणित त्यामुळे निम्म्या नाही तरी बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत मुळातच चुकते.

हृदयाचा संबंध येथे दोन वाटांनी येतो. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकसतात. निरोगी माणसात ही सोय उपयोगी असते, कारण रक्त हवेशीर भागाकडे वळते, परंतु सगळेच फुप्फुस आजारी झाले की सगळीकडचा दाब वाढतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलणारा हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू जाड होतो, पसरतो, थकतो. दुसरी वाट याहून सर्रास आढळणारी आणि म्हणून अधिक घातक आहे. धूर, वाढते वय आणि शरीरभर धुमसणारा दाह ही दोन्ही रोगांची समाईक कारणे असल्यामुळे, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तुंबणे, डावा कप्पा अशक्त होणे किंवा ठोके अनियमित होणे हे विकार अशा रुग्णांत वारंवार आढळतात. घोटाळा असा की दोन्ही रोगांचे मुख्य लक्षण एकच, म्हणजे धाप. जिना चढताना लागणारा दम फुप्फुसाचा की हृदयाचा, हे रुग्णाला आतून कळत नाही, आणि अनेकदा नुसता स्टेथोस्कोप लावून डॉक्टरलाही कळत नाही. त्यासाठी हृदयाचा आलेख म्हणजे ईसीजी, ज्याला लोक टूडी इको म्हणतात ती ध्वनिलहरींची तपासणी, आणि हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या विशिष्ट द्रव्याची चाचणी यांची गरज पडते. त्यातही फुगलेल्या फुप्फुसांमुळे इकोचे चित्र धूसर येते, म्हणून ते पाहणारी नजर सरावाची असावी लागते.

धोक्याचा काळ कोणता, याचीही आता चांगली कल्पना आलेली आहे. सर्दी-तापाच्या निमित्ताने किंवा हवा बिघडल्याने अशा रुग्णाचा दम एकाएकी बळावतो, पंप आणि गोळ्या वाढवाव्या लागतात, क्वचित दवाखान्यात ठेवावे लागते; हा प्रसंग ओसरला की घरातले सर्वजण सुटकेचा श्वास घेतात. परंतु हृदयविकार किंवा त्याची जोखीम असलेल्या १६ हजारांहून अधिक सीओपीडी रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले की, दम बळावल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांची शक्यता एरवीच्या जवळजवळ ४ पट होते. ज्या महिन्यात घर निर्धास्त होते, तोच महिना हृदयाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो.

पुण्याच्या इतिहासात या गुंतागुंतीचे एक लक्षणीय उदाहरण आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाबरोबर जो विकार होता त्याला हृदयजन्य दमा म्हणतात. जेम्स होप या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हे नाव रूढ केले, ते नेमके एवढ्यासाठी की श्वासनलिकेच्या दम्यासारखी दिसणारी धाप हृदयाच्या दुबळेपणातूनही उद्भवते हे वैद्यांच्या ध्यानात यावे. गोखल्यांनी उपचाराची हेळसांड केली असे म्हणता येत नाही; १९१४ साली ते प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये गेलेले होते आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे तेथेच अडकून पडले होते. परंतु सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम, प्रवास आणि भारत सेवक समाजाची चिंता यांतून त्यांनी विश्रांती मात्र घेतली नाही. १९१५ च्या आरंभी पुण्यात त्यांना मूर्च्छा येत असे, याची नोंद गांधीजींच्या आत्मकथेत आहे, आणि त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या काळच्या वैद्याच्या हाती डिजिटॅलिसची पाने होती, ज्यांचा उपयोग विल्यम विदरिंगने १७८५ सालीच सविस्तर लिहून ठेवला होता, आणि त्यापलीकडे फारसे काही नव्हते. शरीरातील जादा पाणी उतरवणाऱ्या आजच्या प्रभावी गोळ्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. हृदयाची हालचाल ध्वनिलहरींनी प्रथम टिपली गेली ती १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे.

या तपशिलातून निघणारा तात्त्विक मुद्दा महत्त्वाचा आहे. गोखल्यांच्या समकालीनांनी त्यांचा अकाली मृत्यू प्रारब्ध म्हणून स्वीकारला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही, कारण माणसाने करण्याजोगे जेथे संपते तेथूनच स्वीकार सुरू होतो. परंतु ती सीमा स्थिर नसते. १९१५ साली जे भोगल्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यातले पुष्कळसे आज टाळता येते, आणि म्हणून तेच वाक्य आज उच्चारले तर त्याचा नैतिक अर्थ बदलतो. प्रारब्धाच्या नावे काय जमा करायचे हे ठरवण्यापूर्वी आजच्या पुरुषार्थाची मर्यादा कोठपर्यंत गेलेली आहे, हे जाणून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. ते न जाणता उच्चारलेले ‘नशिबात होते’ हे वाक्य श्रद्धेचे नसून अज्ञानाचे असते.

हा विचार परका नाही, किंबहुना आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांत तो आश्चर्य वाटावे इतक्या थेटपणे आलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय नावाचा ऋषी आत्रेयांपुढे एक अडचणीचा आक्षेप ठेवतो. उत्तम वैद्य, उत्तम औषध, उत्तम परिचारक आणि स्वतःला सांभाळणारा रुग्ण हे चिकित्सेचे चारही पाय असूनसुद्धा काही माणसे मरतात आणि यांपैकी काहीही नसताना काही माणसे बरी होतात, तेव्हा चिकित्सा करणे आणि न करणे सारखेच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न आहे. आजही ‘अमक्याने अँजिओप्लास्टी करून घेतली तरी गेला, तमका नव्वदीपर्यंत विडी ओढत जगला’ असे जे पारावर बोलले जाते, तो मैत्रेयाचाच पूर्वपक्ष होय. आत्रेयांचे उत्तर दुहेरी आहे: जो उपचारावाचून बरा झाला तो उपचाराने अधिक लवकर आणि कमी यातनांनी बरा झाला असता, आणि जो उपचार होऊनही गेला त्याचा रोग असाध्य होता, म्हणून साध्य रोगात उपचार निष्फळ आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. अपवादांवरून नियम मोडीत काढण्याच्या सवयीवरचा हा टोला दोन हजार वर्षांत बोथट झालेला नाही.

त्याच संहितेतील विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तर आत्रेयांचा शिष्य अग्निवेश सरळच विचारतो की आयुष्याची लांबी ठरलेली असते की नाही. तेथे पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केले जाते ते पुरुषकार अशी व्याख्या करून, या दोहोंच्या बळाबळावर आयुष्य अवलंबून असते, दुबळे दैव बलवान प्रयत्नाने मागे हटते आणि बलवान दैवापुढे प्रयत्न अपुरा पडतो, असा निर्णय दिलेला आहे. अकाली मृत्यूचे उदाहरण गाडीच्या आसाचे आहे: चांगला आस आपल्या ठरल्या काळी झिजून मोडतो, परंतु तोच आस अति ओझ्याने, खडबडीत वाटेने, वंगणाच्या अभावी अध्येमध्येही मोडतो, आणि हे दुसरे मोडणे ठरलेले नव्हते. याच चर्चेत असे म्हटलेले आहे की आयुष्य सर्वस्वी नियत असते तर दीर्घायुष्यासाठी कोणी औषध घेतले नसते, तसाच मंत्र, होम, उपवास, प्रायश्चित्त यांच्याही वाटेला कोणी गेले नसते. या युक्तिवादाचा शेवट फारसा कोणी ताणून पाहत नाही, पण तो पाहण्याजोगा आहे. जो माणूस आजारपणात देवाला नवस बोलतो, त्याने आयुष्य ठरलेले असते हा सिद्धांत आधीच सोडून दिलेला असतो. काहीतरी बदलू शकते, अशी आशा असल्यावाचून नवस बोलताच येत नाही. मग देवापुढे ज्याने नियतिवाद सोडला, त्यानेच हृदयतज्ज्ञाच्या दारापाशी तो पुन्हा अंगीकारावा, यात श्रद्धेची सुसंगती कोठे राहिली?

पुण्यापुरते बोलायचे तर हा विरोध कसबा पेठेत जितका जवळून पाहता येतो तितका क्वचित अन्यत्र दिसेल. जुन्या पुण्याची ही मूळ वस्ती; शहराचे ग्रामदैवत असलेला कसबा गणपती येथलाच आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचाच; थोरल्या आणि धाकट्या शेख सल्ला यांचे दर्गेही याच परिसरात. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा ही नावे येथल्या हातांचे उद्योग सांगतात, आणि त्या उद्योगांतल्या भट्ट्यांचा धूर व धातूची वाफही त्या नावांत अध्याहृत असते. तांबट आळीत घडलेले तांब्याचे बंब एकेकाळी पुण्यातल्या वाड्यावाड्यांतून लाकूड-कोळशावर पेटत असत, स्वयंपाकघरात चूल, शेगडी आणि पुढे रॉकेलचा स्टोव्ह असे, आणि त्या धुरात तीस-चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी विडी कधी हातात धरली नाही, त्यामुळे आपल्याला फुप्फुसाचा विकार असेल हेच मुळी उशिरा कळते, आणि त्यापाठोपाठ हृदयाची तपासणी करावी हे तर सुचतच नाही. वाड्यातला अरुंद लाकडी जिना चढताना पूर्वी न थांबणारे पाऊल मध्येच थांबू लागले, तर ‘वय झाले’ एवढे एकच स्पष्टीकरण घरात पुरेसे मानले जाते.

अंतराची सबब येथे चालत नाही, हे विशेष. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय, मंगळवार पेठेतील महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आणि स्टेशनाजवळचे ससून ही सर्व ठिकाणे कसब्यापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहेत. चरक शिकवणारे टिळक आयुर्वेद महाविद्यालयही रास्ता पेठेतच आहे. पैशाची अडचण खरी आहे आणि ती हलक्याने घेता कामा नये, परंतु तिच्यावर काही मार्ग आहेत: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, महापालिकेची शहरी गरीब योजना, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली धर्मादाय रुग्णालयांची योजना, जिच्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. या योजनांचे कागद जमवताना माणूस मेटाकुटीस येतो हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, घर आणि तज्ज्ञ यांच्यामध्ये रस्त्यापेक्षा मनाचे अंतर मोठे आहे.

छातीच्या रोगाने पिडलेल्या माणसाने गणपतीच्या पायाशी जावे, यात वावगे काहीच नाही. थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, खंगत असताना थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात जाऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. क्षयावर औषध निघण्यास तेव्हा पावणेदोनशे वर्षे अवकाश होता. देवाची कास धरणे आणि वैद्याची कास धरणे यांत परंपरेने विरोध मानलेला नाही. शेख सल्ल्यांच्या दर्ग्यात डोके टेकवणाऱ्या भाविकांच्या धर्मपरंपरेतही पैगंबरांची अशी शिकवण सांगितली जाते की उपचार करावा, कारण ईश्वराने रोगाबरोबर त्याचा उपायही निर्माण केलेला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात शारीरिक व्याधींची भलीमोठी गणती आध्यात्मिक तापात केली, म्हणजे देह-इंद्रिये-प्राण यांच्या योगाने आपल्यातच उद्भवणारा ताप असे तिचे स्थान ठरवले. आणि त्याच ग्रंथात ‘यत्नशिकवण’ या नावाचा समास विवेक-वैराग्याच्या दशकात घातला, हे विसरून चालत नाही. वैराग्याच्या शेजारीच यत्न आहे. गोखले गेले त्याच १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या स्वतंत्र प्रकरणात हाच पेच सोडवायला घेतला आहे आणि कर्माचे बंधन नाकारल्यावाचून प्रयत्नाचे स्वातंत्र्य राखले आहे. नियतीच्या नावाने स्वस्थ बसणाऱ्याला या शहराच्या विचारपरंपरेत आधार सापडणे कठीणच.

तथापि विलंबाचा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे हे अन्यायाचे होईल, आणि याही बाबतीत चरकाची विभागणी उपयोगी पडते. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चार पायांपैकी प्रत्येकाचे चार-चार गुण सांगितले असून, रुग्णाच्या गुणांत स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे आणि निर्भयता यांच्याबरोबर ज्ञापकत्व हा गुण मोजलेला आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते वैद्याला नेमके सांगता येणे. जुनाट श्वासरोग्याचा घात होतो तो याच ठिकाणी. वर्षानुवर्षे एकच तक्रार सांगून त्याची तक्रारीची भाषाच आटलेली असते, आणि पूर्वी एका उशीवर झोपणारा तो आता तीन उशा घेतो, रात्री दोन वाजता गुदमरून उठतो, संध्याकाळी पावलांवर सूज येते, पंप घेऊनही पूर्वीसारखा आराम पडत नाही, छातीत धडधडते किंवा जड दाब वाटतो, यांतले काहीही न सांगता तो ‘नेहमीचाच दम आहे’ एवढेच बोलतो. वास्तविक यातले एकेक लक्षण हृदयाकडे बोट दाखवणारे असू शकते. परंतु ज्ञापकत्वाला ऐकणाराही लागतो. सून-मुलगा ‘त्यांचे रोजचेच आहे’ म्हणून ऐकत नसतील, छातीचे डॉक्टर हृदय दुसऱ्यावर आणि हृदयाचे डॉक्टर छाती दुसऱ्यावर सोपवत असतील, तर रुग्णाने सांगून तरी काय होणार? दम्यात चालत नाहीत या जुन्या धास्तीने हृदयाला आवश्यक असलेली बीटाब्लॉकर गटातील औषधे सीओपीडीच्या रुग्णांना अनेकदा दिलीच जात नाहीत, जरी त्यांतील हृदयावरच प्रामुख्याने काम करणारे प्रकार बहुतेकांना सोसतात हे आता प्रस्थापित झालेले आहे. हा प्रमाद रुग्णाचा नव्हे, वैद्याचा.

चरकाने असल्या प्रमादाला प्रज्ञापराध ही संज्ञा दिली आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणूस जे अहितकारक कर्म करतो तो प्रज्ञापराध, आणि सर्व दोषांना प्रक्षुब्ध करणारा म्हणून तो फार वरच्या पायरीचा अपराध मानलेला आहे. येथे लक्षात घेण्याजोगे असे की अपराध पापाचा नाही, जाणिवेचा आहे. सोसणे हे धैर्याचे काम खरे, परंतु धैर्याबरोबर बुद्धी आणि स्मृती जागी नसतील, कालचा दम आणि आजचा दम यांतला फरक ओळखला जात नसेल, तर त्या सोसण्यात सद्गुणाचे फक्त बाह्य रूप उरते. सुश्रुताने रोगाच्या वाढीचे संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद असे सहा टप्पे सांगून त्यांना क्रियाकाल, म्हणजे उपाय करण्याचे काळ, म्हटले आहे; दोष साठू लागल्यापासून रोग फुटेपर्यंत प्रत्येक टप्पा ही कृतीची एक संधी असते आणि पुढची संधी मागचीपेक्षा लहान असते. वेळ हा येथे उपचाराचा बाह्य तपशील राहत नाही, तो कर्माच्या स्वरूपातच शिरतो: योग्य कर्म चुकीच्या काळी केले तर ते तेच कर्म राहत नाही.

चरकाच्या निदानस्थानात निदानार्थकर रोग अशीही एक कल्पना आहे, म्हणजे जो रोग स्वतःच दुसऱ्या रोगाचे कारण होतो; पडशातून खोकला आणि खोकल्यातून क्षय हे तेथले उदाहरण. श्वासरोगांपैकी तमकश्वास हा याप्य गणला आहे. याप्य म्हणजे समूळ जात नाही परंतु उपचार चालू ठेवले तर आटोक्यात राहतो असा. आणि प्राण वाहणाऱ्या स्रोतसांचे मूळ विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात हृदय आणि महास्रोतस असे दिलेले आहे. या वचनावर उड्या मारून प्राचीनांना फुप्फुसातील रक्तदाब ठाऊक होता असे म्हणणारे लेखक आढळतात, ते मात्र टाळावे. चरकाचे हृदय आणि आजच्या शारीरशास्त्राचे हृदय एकास एक जुळत नाहीत. त्या वचनातून घ्यायचे ते इतकेच की श्वासाचा विचार हृदयाला वगळून करता येत नाही ही दृष्टी येथे जुनी आहे, आणि याप्य रोगात ‘चालू आहेत औषधे’ या समाधानाखाली दुसरा रोग निपजत असेल काय, ही शंका घेणे वैद्याचे व रुग्णाचे कर्तव्य मानले गेले आहे.

येथे एक गंभीर प्रत्याक्षेप उभा राहतो. शरीर नाशिवंत आहे, मग त्याच्या मागे किती धावायचे? विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले व १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांचा निर्णय भ्याडपणाचा किंवा अज्ञानाचा होता असे कोण म्हणेल? या आक्षेपाचे उत्तर त्या उदाहरणातच आहे. वयाच्या ८८ व्या वर्षात असलेल्या विनोबांना आपल्याला काय झाले आहे ते माहीत होते, वैद्यकीय मदत हाताशी होती, पर्याय समोर मांडलेले होते, आणि ते सर्व जाणून त्यांनी त्याग केला. ज्याने तपासणीच केली नाही, ज्याला आपली धाप फुप्फुसाची की हृदयाची हेच ठाऊक नाही, त्याने त्यागलेले काय? त्याने केवळ न पाहण्याची निवड केलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, असाध्य अवस्थेत कृत्रिम उपचार नाकारण्याची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली, तोही जाणून घेतलेल्या निर्णयाचाच सन्मान आहे. फुप्फुसांचा विकार शेवटच्या टप्प्याला पोहोचलेला, हृदयही थकलेले, अशा वेळी तज्ज्ञाशी आणि घरच्यांशी मोकळेपणी बोलून यापुढे अतिदक्षता विभाग नको असे ठरवणारा वृद्ध प्रारब्धाचा खरा स्वीकार करतो. निदानापूर्वीचा संन्यास हा मात्र आळसाचाच एक प्रतिष्ठित प्रकार होय, आणि त्याला धर्माची वस्त्रे चढवणे अधिकच आक्षेपार्ह आहे.

वारकरी परंपरेने देहाला तुच्छ मानले अशी समजूत सरसकट केली जाते, ती अर्धवट आहे. आषाढी-कार्तिकीला पायी जाणाऱ्या संप्रदायाला देहाची किंमत कळत नाही असे म्हणणे धाडसाचेच. चरकानेही माणसाच्या तीन एषणा, म्हणजे मूळ ओढी, सांगताना प्राण, धन आणि परलोक असा क्रम लावला व प्राणैषणा पहिली ठेवली, कारण प्राण गेल्यावर बाकीच्या दोहोंना आश्रयच उरत नाही.

तेव्हा व्यवहारात उतरवण्याजोगे कर्तव्य फार मोठे नाही. ज्या घरात कोणाला वर्षानुवर्षे पंप चालू आहे त्या घराने, दम बळावला नसतानाच, त्या माणसाच्या हृदयाचा आलेख आणि इको एकदा करून घ्यावा, छातीच्या डॉक्टरांना ‘हृदय पाहायला हवे का’ असा थेट प्रश्न विचारावा, आणि दम बळावून गेल्यानंतरचा महिनाभर विशेष सावध राहावे. उशा वाढल्या, पावले सुजली, रात्री गुदमरून जाग येऊ लागली, तर हृदयतज्ज्ञाची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी, सणवार उरकण्याची वाट पाहू नये. छातीत दाब येऊन घाम फुटला, मूर्च्छा आली किंवा पंपाने न हटणारी नवी धाप लागली, तर अशा माणसाला जिने उतरवून चालवत नेऊ नये. कसब्यातल्या ज्या बोळांत गाडी शिरत नाही तेथे त्याला खुर्चीत बसवून चार जणांनी मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, ती दिवसरात्र मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत.